वाचनालयाला संगणक मिळेल, पण तो चालवायला माणूस?

दहावीचा निकाल लागला की गावोगावी पोरांची धावपळ सुरू होते ती अर्ज भरायची. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. खेड्यातल्या पोरालाही आता त्याशिवाय कॉलेजचं दार उघडत नाही. घरात मोबाईल असतो, पण तो वडिलांच्या नाहीतर थोरल्या भावाच्या खिशात. मुलीच्या हातात तो सगळ्यात शेवटी येतो. मग एसटीने तालुक्याला जायचं आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून फॉर्म भरून घ्यायचा. त्याने कॉलेजचा पसंतीक्रम चुकीचा टाकला तर भोगायचं पोरानंच.

म्हणून गावच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी संगणक हवा, ही मागणी रास्तच आहे.

वस्तूला पैसा आहे

ग्रंथालय हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींच्या 29 विषयांत आहे. 15 व्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीत संगणक बसत होता. पगार आणि आस्थापना खर्च मात्र बसत नव्हता. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही मदत देतं, बालविभागासाठी त्यांची योजना आहे. थोडक्यात, खोकं येतं, माणूस येत नाही. ट्रॅक्टर घेतला आणि डिझेलला पैसा नाही, तशी ही गत.

माणसाला नाही

2022 च्या अखेरीस सरकारने ग्रंथालयांचं अनुदान 60 टक्के वाढवलं. त्यात 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे 30 हजारांचे 48 हजार झाले, म्हणजे महिन्याला 4 हजार. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, पेपर आणि लाइट बिल. रोहयोचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. त्या हिशेबाने वाचनालयाचा महिन्याचा सगळा खर्च मजुराच्या 13 दिवसांच्या मजुरीएवढाही नाही. एवढ्या पैशात कुणी दोन-तीन तास कुलूप उघडतो, हेच खूप झालं.

काही जण म्हणतात, पोरं आपली आपण शिकतात. ते खोटं नाही. 1999 मध्ये सुगाता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीच्या वस्तीलगत भिंतीत संगणक बसवला आणि पोरं कुणी न शिकवता तो चालवायला लागली. पुढे आपल्या सिंधुदुर्गातही असे संगणक बसले. पण माउस फिरवणं वेगळं आणि प्रवेशाचा अर्ज बिनचूक भरणं वेगळं. उत्तराखंडात तर नंतरच्या पाहणीत अशी केंद्रं ओस पडलेली दिसली. शिवाय बघायला कुणी नसलं की दांडगी पोरं खुर्ची अडवतात, मुली आणि लहानगी दारातूनच परत जातात.

ग्रामसभेत काय विचारायचं

संगणकाचा ठराव आला की हात वर करण्याआधी चार गोष्टी विचारा. वाचनालय शाळा सुटल्यावर, संध्याकाळी 5 ते 7 उघडं राहणार का? मुलींसाठी वार ठरवून देणार का? लाइट गेली तर बॅटरीची सोय काय? आणि पोरांजवळ बसणाऱ्याला मानधन कुठून देणार? घरपट्टीच्या स्वनिधीतून ग्रामपंचायतीला थोडी तरतूद करता येते. गावातली बारावी झालेली एखादी मुलगीही हे काम करू शकेल.

ही उत्तरं ठरावातच लिहून घ्या. नाहीतर फोटो निघेल, पेपरात बातमी येईल आणि पुढच्या जूनमध्ये पोरं पुन्हा तालुक्याच्या एसटीत उभी दिसतील.