आपल्या कामाची घंटा

नोकरी करणाऱ्या मनुष्याची वेळ दुसरा कोणी तरी सांभाळीत असतो. कचेरींतील हजेरी, शाळेची घंटा, वरिष्ठांची नजर, यांपैकीं एकाचा तरी धाक त्याला असतो आणि उशीर झाला तर त्याचा दंड त्याच दिवशीं पदरांत पडतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट निराळी. सकाळीं आठाचें काम त्यानें दहाला आरंभिलें तरी कांहींच घडत नाहीं. दुसऱ्या दिवशींहि घडत नाहीं. असे चार-सहा महिने गेले म्हणजे मग एखादें गिऱ्हाईक दिसेनासें होतें, आणि आपण कां गेलों हें सांगावयास तें परत येत नाहीं. 'मी माझ्या मनाचा धनी' असें अभिमानानें म्हणणाऱ्यांनीं ही उशिरा येणारी वसुली अवश्य ध्यानांत घ्यावी.

शेतकऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत, खर्डी व कसारा या स्टेशनांच्या मधें, उंबरमाळी म्हणून गांव आहे. थळघाटाखालचा हा मुलूख. पाऊस भरपूर, पीक मुख्यतः भाताचें. येथील शेतकरी कोणाचा चाकर नाहीं, तथापि त्याच्याइतका वेळेनें बांधलेला मनुष्य शहरांत शोधूनहि सांपडणें कठीण. उन्हाळ्यांत राब भाजून ठेवावयाचा, पावसाचा आरंभ होतांच पेरावयाचें, आणि रोप तीन-साडेतीन आठवड्यांचें झालें कीं उपटून लावणी करावयाची. रोप वाफ्यांतच जून झालें तर त्याला फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. आषाढांत केलेल्या दिरंगाईचा हिशेब असा कापणीच्या वेळीं खळ्यावर मांडला जातो. याच पट्ट्यांतून रानभाज्या, करवंदें, जांभळें घेऊन ज्या बायका लोकलगाडीनें कल्याण-मुंबईच्या बाजाराला निघतात, त्यांनाहि घड्याळ कोणी समजावून दिलेलें नाहीं. गाडी चुकली तर टोपलींतला माल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीं, इतकें ज्ञान त्यांना पुरतें.

परंतु वकील, वैद्य, चित्रकार, घरीं शिकवणी घेणारी बाई, यांचें रोप वाफ्यांत जून होतांना कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीं. अशांनीं काय करावें? आमच्या मतें, जी हलवितांच येणार नाहीं अशी एखादी तारीख आपल्या धंद्यांत शोधून काढावी, आणि तिच्यापासून मागें मोजीत यावें.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १८३९ सालीं मुंबईंत, गरिबींत झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामावर लागले. पगार दरमहा २ रुपये. १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं छापखाना. त्यांच्या टाइपांच्या देखणेपणाची आणि १८८६ सालीं सुरू झालेल्या 'काव्यमाले'तील संस्कृत ग्रंथांच्या शुद्धतेची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली आहे, आणि ती योग्यच आहे. आम्हांला मात्र छापखान्याच्याच नांवाच्या पंचांगाचें अधिक कौतुक वाटतें. पंचांग वर्षप्रतिपदेच्या आधीं घरोघर पोंचलें पाहिजे. पाडव्याला देवापुढें ठेवून वर्षफल वाचावयाचें तें पंचांग आठ दिवसांनीं आलें, तर तोंवर त्या घरीं दुसरें येऊन गेलेलें असतें; मग त्यांतील गणित कितीहि बिनचूक असो. पाडवा पुढें ढकलण्याची सोय ना मालकाला, ना गिऱ्हाइकाला. म्हणून रवानगी अमुक दिवशीं, तर बांधणी त्याच्या आधीं, छपाई त्याच्याहि आधीं, आणि आंकड्यांनीं खचाखच भरलेल्या त्या रकान्यांचीं मुद्रितें तपासण्याचें काम तर कितीतरी अगोदर. लोकांना मुहूर्त सांगणाऱ्या पुस्तकाला स्वतःचा मुहूर्त चुकवून चालत नाहीं! १८८१ पासून निघूं लागलेलें 'बालबोध' हें मुलांचें मासिक म्हणजे दरमहाचा एक लहानसा पाडवाच होय. जावजी १८९२ सालीं वारले. छापखाना त्यांच्यामागेंहि चालत राहिला.

आतां आपल्या घरांतली गोष्ट. एकत्र कुटुंबांत नोकरीवर गेलेल्या मुलाला अकरा वाजतां कोणी दळण आणावयास सांगत नाहीं. घरीं बसून काम करणाऱ्या धाकट्याला मात्र 'तूं घरींच आहेस ना?' असें म्हणून बँकेत, वाण्याकडे, पाहुण्याला आणावयास स्टेशनावर, कोठेंहि पाठविलें जातें. यांत वडील मंडळींचा दोष आहेच. पण सगळा नाहीं. तीन दिवस लागोपाठ दहा वाजतां वर्तमानपत्र चाळतांना तो दिसला, तर चौथ्या दिवशीं त्याचा वेळ रिकामा समजला जावा यांत नवल तें काय? आपल्या वेळेचा मान आपण आधीं राखावा, मग घराकडे मागावा. कामाला बसण्याची वेळ ठरवावी तशी उठण्याचीहि ठरवावी. रात्रीं अकरापर्यंत रेंगाळणारें काम पुष्कळदां सकाळीं टाळलेलें असतें.

सुनांच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेणाऱ्या बायका आतां गांवोगांव आहेत, आणि घरांतील मंडळी त्याला अजून 'तिचा छंद' म्हणतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजावे लागतात, रोज पाणी बदलावें लागतें. मग ते निथळून, कुटून, चाळून गुळांत मळलेलें पीठ आणखी कांहीं दिवस मुरत ठेवावें लागतें. नरकचतुर्दशी तर कोणासाठीं थांबत नाहीं. तेव्हां अशा बाईनें मागण्या दसऱ्याला बंद कराव्या, मग गिऱ्हाईक कितीहि ओळखीचें असो. आणि दसरा ते वसुबारस एवढ्या दिवसांत सकाळच्या तिच्या चार तासांत दारावरची घंटा वाजली तर कोणीं उठावयाचें, हें घरांतील मंडळींनीं नवरात्र बसण्यापूर्वींच आपसांत ठरवून घ्यावें.