खोटा साक्षीदार

इंजिन आतून किती तापले आहे हे चालकास डोळ्यांनी दिसत नाही. ते सांगण्याचे काम इंजिनात फिरणाऱ्या कूलंटमध्ये बुडालेला, बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर करतो. तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. पुष्कळ गाड्यांत २० अंश सेल्सिअसला तो दोन ते तीन हजार ओहम असतो व ८० अंशांना सुमारे तीनशेवर येतो. त्यावरून गाडीतील संगणक पेट्रोल किती सोडावे हे ठरवितो. म्हणून हा साक्षीदार खोटे सांगू लागला, की निरपराधांवर आळ येतो.

रामाकोना येथील लोकांना छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. त्या वाटेवरच्या एका प्रवासी गाडीला पेट्रोल फार लागू लागले. मालकाने चालकावर चोरीचा संशय घेतला, आणि तोही चारचौघांत. गरीब तरुणाची रोजी जाण्याची वेळ आली. मागून निघणाऱ्या काळ्या धुराची साक्ष मात्र कोणी काढली नाही.

एका जाणत्या मिस्त्रीने ती काढली. प्रथम त्याने इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहिली. कारण कूलंट उतरले, तर उघडा पडलेला सेन्सरही फसवितो. (गरम रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये; उसळलेल्या पाण्याने माणूस भाजतो.) रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत स्कॅनरवरील तापमान बाहेरच्या हवेइतके असावयास हवे, येथे ते पुष्कळच खाली होते. वायर व जोडणी ठीक निघाल्यावर त्याने सेन्सर काढून पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह ठेवला, त्यास मल्टिमीटर लावला आणि पाणी तापविले. थर्मामीटर चढला, पण ओहम उतरेनात. पाणी उकळू लागले तरी तो साक्षीदार थंडीच सांगत होता! संगणक त्याच्यावर विसंबून पेट्रोल ओतीत होता. पेट्रोल चोरीस गेले नव्हते, धुरात गेले होते.

येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. थर्मोस्टॅट उघडा अडकला, तर इंजिन खरोखरच थंड राहते. अशा वेळी सेन्सर खरे बोलत असतो आणि उगाच फेकला जातो. तेव्हा परीक्षा आधी, शिक्षा नंतर.

दानीएलाने सुसान्नेच्या बाबतीत हेच केले. लोक तिला देहदंडासाठी नेत असता त्याने दोघा वडीलधाऱ्यांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली? उत्तरे जुळली नाहीत, आणि एक निष्पाप जीव वाचला. मिस्त्रीने सेन्सर व थर्मामीटर यांना एकाच पाण्यात ठेवून दुसरे काय केले?

आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याला मनोमन दोषी ठरविणे हाही त्याच आज्ञेचा भंग होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. सेन्सर बदलता येतो. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. परंतु बिघडविलेले नाव सावरण्याचे कर्तव्य उरतेच. ज्याने आळ चव्हाट्यावर घेतला, त्याने तो चव्हाट्यावरच मागे घ्यावा. पापनिवेदनास येण्यापूर्वी त्या माणसाच्या दारी जाऊन यावे, हे अधिक बरे.