वारशाचा हिशेब

एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या मामंजींना हंटिंग्टनचा रोग होता; हातपाय आपोआप वेडेवांकडे हलत, पुढें बुद्धीही मंदावली. आतां चाळिशींतल्या थोरल्या दिरांना तोच आरंभ झाला आहे. त्या विचारतात, "डॉक्टर म्हणतात, निम्म्या मुलांस होतो. भाऊ दोघेच. मग एकाला झाला म्हणजे इकडची काळजी मिटली ना?"

हिशेब तसा नाहीं. प्रत्येकाच्या देहांत एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या आहेत असें समजा. एक मातेकडून आलेली, एक पित्याकडून. या रोगांत एका पोथींत लेखनप्रमाद असतो. शुद्ध पोथींत जीं तीन अक्षरें २६ वेळांपर्यंत येतात, तींच येथें ४० किंवा अधिक वेळां पुनरुक्त होतात. (हा दोष १९९३ सालीं सांपडला.) दुसरी पोथी शुद्ध असूनही रोग टळत नाहीं, म्हणून शास्त्रज्ञ या दोषास 'प्रभावी' म्हणतात. रोगी पिता अथवा माता अपत्यास दोहोंपैकीं एकच पोथी देते, आणि पहिल्यास कोणती दिली याची आठवण दुसऱ्याच्या वेळीं निसर्गाला नसते. चौघांपैकीं चौघेही सांपडतील, किंवा एकही नाहीं. मुलगा कीं मुलगी हाही भेद नाहीं. सुनेच्या पायगुणाचा तर येथें संबंधच नाहीं!

ज्यांचें नांव या रोगास मिळालें ते जॉर्ज हंटिंग्टन अमेरिकेंतील लाँग आयलंडचे. पिता व पितामह तेथेंच वैद्यकी करीत. बालपणीं पित्यासह जातांना वाटेवर वांकत, मुरडत चालणाऱ्या मायलेकी त्यांनीं पाहिल्या. तें दृश्य ते विसरले नाहींत. १८७२ सालीं, वय अवघें २२ असतां, त्यांनीं या रोगावर निबंध लिहिला. त्यांत ते सांगतात कीं, जें अपत्य या रोगावांचून आयुष्य काढतें त्याच्यापाशीं धागा तुटतो. नातवंडांत तो पुन्हा उगवत नाहीं. मेंडेलचे नियम जगाच्या ध्यानांत १९०० मध्यें आले, हें पाहतां या तरुणाच्या दृष्टीचें कौतुक वाटतें.

तेव्हां ताई, तुमच्या यजमानांचा संभव जन्मतः अर्धा होता. बंधूंच्या दुखण्यानें तो घटला नाहीं, वाढलाही नाहीं. लक्षणांवांचून जितकीं वर्षें जातील तितका तो मात्र कमी होत जातो. रक्ताच्या परीक्षेनें उत्तर मिळतें. परंतु रोग समूळ घालविणारा उपाय अद्याप नाहीं, म्हणून अनेक जाणते लोक ती परीक्षा नाकारतात, आणि त्यांना भित्रे म्हणण्यास मी तयार नाहीं. निर्णय यजमानांनीं करावा, घरच्या वडीलधाऱ्यांनीं नव्हे. ते मुक्त ठरले तर मुलांची चिंता उरणार नाहीं. मुलांची परीक्षा मात्र आज करूं नये. मोठेपणीं तीं स्वतः ठरवतील.