कांगारूची शेपूट आणि आपला शेकरू

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात 'क' कांगारूचा असतो. परंतु 'श' शेकरूचा क्वचितच असतो, याचे आम्हाला नवल वाटते. कांगारू राहतो ऑस्ट्रेलियात. शेकरू राहतो मलकापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याने पुढे, आंब्याच्या जंगलात. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणीही आहे. तेव्हा मुलांना दोघांची ओळख एकदमच करून द्यावी.

दोघेही उडी मारणारे, पण रीत निराळी. कांगारूचे मागचे पाय लांब व दणकट असतात. पोटरीपासून टाचेपर्यंत जाड कंडरा असते. पाय जमिनीवर आदळला की ती गलोलीच्या रबरासारखी ताणली जाते आणि सुटताना अंग पुढे फेकते. म्हणून वेग वाढला तरी त्याला दम फारसा जास्त लागत नाही. मात्र उलटे चालणे त्याला सहज जमत नाही. चरताना हळू चालायचे असले की तो शेपूट जमिनीला टेकवून पाचवा पाय करतो. ती नुसता आधार नव्हे. शेपटीचा रेटा बाकीच्या चारही पायांच्या एकत्र रेट्याइतका असतो, असे 2014 साली संशोधकांनी मोजून दाखवले.

शेकरूची शेपूट जमिनीला लागतच नाही. ती अंगापेक्षा लांब, झुपकेदार. बांधावरून चालताना पोर दोन्ही हात पसरते, तेच काम फांदीवर ही शेपूट करते. त्याची नखे सालीत रुततात. मागचे पंजे उलटे फिरतात, म्हणून तो डोके खाली करून सरसर उतरतो, मागच्या पायांवर लोंबकळून फळही खातो. या झाडावरून त्या झाडावर तो सुमारे 20 फूट झेप घेतो. घरटी, खाणे, पिले, सारा संसार वरच. जमिनीवर तो क्वचितच येतो.

खरी अडचण याच 20 फुटांत आहे. कांगारूला मोकळे रान लागते, शेकरूला फांदीला लागलेली फांदी. रस्त्याकडेची झाडे तुटली आणि मधले अंतर त्याच्या झेपेपलीकडे गेले, की एका कुटुंबाची दोन गावे होतात. कोल्हापूर–रत्नागिरी महामार्गाचे चौपदरीकरण अलीकडे हाती घेतले गेले. रस्ता आम्हालाही हवा. बाळंतीण कोल्हापूरला न्यायची असली की खड्ड्यांची किंमत कळते. परंतु तामिळनाडूत वालपराई येथे वानरांसाठी रस्त्यावरून, झाडाला झाड जोडणारे झुलते पूल बांधले आहेत. असे पूल जिथे लागतील तिथे बांधा, ही मागणी ग्रामसभेत करता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो.

सुट्टीत मुलांना आंब्याला नेलेत तर सकाळी लवकर न्या. मान वर ठेवा. शेंड्यातून खडखड असा कर्कश आवाज आला, की तिथेच थांबा, बोलू नका. तांबूस पाठ आणि लोंबणारी शेपूट दिसेल.