जागेच्या मोबदल्यात राबणारे यजमान

तंजावूरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळातील भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो आणि सरफोजी राजांच्या विद्याव्यासंगाचे कौतुक करीत परततो. शहरातून रामेश्वरच्या वाटेला लागले की त्याच राजवटीची आणखी एक खूण भेटते. तिच्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. ती खूण म्हणजे छत्रे. वाटसरूंच्या मुक्कामासाठी आणि जेवणासाठी बांधलेल्या या वास्तूंपैकी बहुतेकींना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आणि नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र ही त्यांतली ठळक.

१७९९ च्या तहाने इंग्रजांनी तंजावूरचा मुलूख आणि महसूल घशात घातला. राजाच्या हाती किल्ला, नेमणूक आणि मानमरातब एवढेच उरले. अशा अवस्थेत सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहिले आणि या छत्रांचे उत्पन्न तोडू नये अशी गळ घातली. छत्रांत काय चालते याचा तपशील त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न मिळे. शिजवलेले न चालणाऱ्याला शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाक दिली जाई. आजारी पडणाऱ्याला औषध आणि पथ्याचे जेवण, बाळंतिणीची देखभाल, पोरक्या मुलांचे शिक्षण हीही छत्राचीच कामे होती. वैद्य, पंतोजी, आचारी हे छत्राचे नेमलेले लोक होते. वाटसरूचा मुक्काम फुकट होता. त्याची उठबस करणाऱ्याला मात्र मोबदला होता.

ही सर्व व्यवस्था राजाच्या उदारपणावर चाले असे समजण्याचे कारण नाही. छत्रांना गावांचे उत्पन्न तोडून दिलेले होते, आणि गावांचे उत्पन्न म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातील भात. ते भात चिखलात उभे राहून लावणारा पण्णैयाळ, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर बांधलेला, बहुधा दलित असलेला मजूर, त्या पत्रात कोठेही नाही. त्याला मोबदला मिळे तो धान्यात. आणि झोपडी असे ती मालकाच्या जमिनीवर. तंजावूरच्या शेतमजुराच्या गुलामीची किल्ली या झोपडीत होती. धान्य अपुरे पडले तर माणूस दुसरीकडे काम शोधू शकतो, पण काम सोडले की डोक्यावरचे छप्परही जाते अशी स्थिती असली की तो मालकासमोर तोंड उघडत नाही.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्याचे कारण अगदी आजचे आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळमध्येही त्याच वर्षी तशी योजना आली. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बिछाना असलेली मोटार घेऊन हिंडावे, रात्री ठरावीक मैदानात ती उभी करून तेथे वीज-पाणी घ्यावे, असा हा प्रवास आहे. तो ज्या अमेरिकेतून आला तेथे त्याच्याबरोबर एक प्रथाही वाढली आहे. मुक्कामाच्या मैदानावर एक ‘यजमान’ असतो. तो स्वतःच्याच मोटारघरात राहतो. त्याला जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी फुकट मिळते. त्याच्या बदल्यात त्याने संडास धुवायचे, शेकोट्यांची राख उपसायची, आलेल्यांची नोंद ठेवायची आणि रात्री दंगा करणाऱ्यांना समज द्यायची. सरकारी मैदानांवर अशा माणसाला ‘स्वयंसेवक’ म्हणतात. अमेरिकेच्या वनखात्याला बिनपगारी स्वयंसेवक घेण्याची मुभा देणारा कायदा १९७२ सालचा आहे.

या यजमानांत खुशीने आलेले लोक नाहीत असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एखादा निवृत्त शिक्षक बायकोसह उन्हाळाभर देवदारांच्या रानात राहतो, चार संडास धुण्याचे त्याला ओझे वाटत नाही, उलट नव्या माणसांच्या ओळखी होतात. पुरेसे निवृत्तिवेतन आणि गावी स्वतःचे घर असेल तर ही खरोखरच हौस आहे. परंतु २००८ च्या मंदीत ज्यांची घरे कर्जापायी गेली, आयुष्यभराची शिल्लक बुडाली आणि म्हातारपणाच्या तुटपुंज्या भत्त्यावर ज्यांना घरभाडे परवडेना, अशांनीही मोटारीलाच घर केले. जेसिका ब्रूडर या पत्रकार स्त्रीने २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांच्यातच वावरून ही हकिकत मांडली. त्यावरील चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले. साठी-सत्तरी उलटलेली ही माणसे उन्हाळ्यात मुक्कामाची मैदाने सांभाळतात आणि हंगामाच्या गर्दीत गोदामात माल उचलतात. अॅमेझॉन कंपनीने तर २००८ पासून सुमारे दीड दशक मोटारघरवाल्या मजुरांची वेगळी भरतीच चालविली होती. शिक्षक आणि कर्जबुडीत म्हातारा एकाच मैदानावर तोच झाडू मारतात. पण पहिला कंटाळला तर घरी जाईल, आणि दुसऱ्याला जायला घर नाही. वर्गीय दृष्टी म्हणतात ती एवढी साधी गोष्ट पाहण्यासाठी लागते.

छत्रात पाहुणा फुकट होता आणि यजमान पगारी. या मैदानांत पाहुणा पैसे मोजतो आणि यजमान बिनपगारी. भांडवलशाहीने पाहुणचाराची केलेली ही उलटापालट आहे, आणि तिला तिने सेवेचे गोड नाव दिले आहे.

‘पण तो स्वतःच म्हणतो की मी नोकर नाही!’ असा आक्षेप येईल. याला उत्तर अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली देऊन ठेवले आहे. अलामो या धार्मिक प्रतिष्ठानाचे पेट्रोलपंप आणि इतर धंदे त्याचे अनुयायी अन्न, वस्त्र आणि निवाऱ्याच्या मोबदल्यात चालवीत. आम्ही स्वयंसेवक आहोत, आम्हाला वेतन नको, असे खुद्द त्या अनुयायांनीच न्यायालयात सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही. अन्न आणि निवारा हे वेगळ्या रूपातील वेतनच आहे, आणि कामगाराने नको म्हटल्याने कायदा टळू लागला तर बलवान मालक प्रत्येकाकडून ‘नको’ वदवून घेईल, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबणे हे घटनेच्या २३ व्या कलमातील वेठबिगारीतच येते, गरिबीची सक्ती हीही सक्तीच आहे, असे त्या निकालाने सांगितले. भांडवली न्यायसंस्थेकडून एवढे स्पष्ट शब्द क्वचितच मिळतात. ते कार्यकर्त्यांनी तोंडपाठ ठेवावेत.

मोटारघरे आपल्याकडे अजून थोडी आहेत, म्हणून हा प्रश्न परका वाटेल. तो परका नाही. गोवा, हिमाचल येथील होस्टेलांत बिछाना आणि न्याहारीच्या बदल्यात दिवसाचे चार-पाच तास काम करणारे तरुण ‘स्वयंसेवक’ आज सर्रास मागितले जातात. सुशिक्षित मध्यमवर्गीय मुलाला त्यात प्रवासाची मजा आहे. पण चादरी बदलणारी, स्वागताच्या टेबलावर बसणारी गावातील मुलगी जो पगार मागेल, तो मागण्याची सोयच त्यामुळे नाहीशी होते. सरकारची तऱ्हा तर याहून निगरगट्ट आहे. महाराष्ट्रात आशा कर्मचारी स्त्रीला सरकारी कागदावर ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतात. साथीच्या काळात घरोघर फिरणाऱ्या या स्त्रियांना २०२१ आणि २०२३ साली संप करावे लागले. योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, ही २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेची शिफारस धूळ खात पडली आहे. ‘स्वयंसेविका’ हा शब्द येथे पगार चुकविण्याचे हत्यार आहे.

मग कम्युनिस्टांना स्वेच्छाश्रमाचे वावडे आहे काय? मुळीच नाही. १९१९ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोच्या रेल्वे आवारात मूठभर कामगारांनी शनिवारी रात्री बिनपगारी इंजिने दुरुस्त केली, तेव्हा लेनिनने त्या घटनेला ‘महान आरंभ’ म्हटले. परंतु त्या इंजिनांचा मालक कोणी ठेकेदार नव्हता. कामगारांनी सत्ता हाती घेतली होती आणि त्यांच्या घामाचे फळ कोणाच्या खिशात जात नव्हते. अधिवेशनाच्या मांडवात पाणी वाटणाऱ्या लाल शर्टवाल्या तरुणाचे कामही याच जातीचे आहे. (पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन ठरविताना आपल्या समित्या त्यागाची भाषा जरा सढळपणे वापरतात, हेही याच ओघात बोललेले बरे.)

तंजावूरने या प्रश्नाचे उत्तर किंमत मोजून मिळविले. कर्नाटकातून आलेले कॉम्रेड बी. श्रीनिवास राव तेथील चेऱ्यांमध्ये राहिले, चाबकाच्या आणि शेणपाणी पाजण्याच्या शिक्षांविरुद्ध त्यांनी पण्णैयाळांना संघटित केले, आणि १९५२ साली पण्णैयाळ संरक्षणाचा कायदा झाला. तरीही वेतनाचा लढा थांबला नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, आजच्या नागपट्टिनम जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात, वाढीव भाताची मजुरी मागणाऱ्या आणि लाल बावटा खाली न ठेवणाऱ्या वस्तीवर जमीनदारांनी हल्ला केला. एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ दलित माणसे जाळून मारण्यात आली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्यानंतर १९६९ साली शेतमजुरांच्या न्याय्य वेतनाचा कायदा आला आणि १९७१ साली ‘कुडियिरुप्पु’ कायदा आला. मालकाच्या जमिनीवरील झोपडीची जागा तीत राहणाऱ्या मजुराच्या मालकीची झाली. कायदा निवाऱ्याचा, पण त्याचा परिणाम वेतनावर होता: काम गेले तरी घर जाणार नाही हे कळल्यावर मजुरीची मागणी करणारा आवाज मोठा झाला.

कॅरॅव्हॅनच्या मैदानांना परवाने देताना हाच निकष लावला पाहिजे. तेथे संडास धुणारा, पहारा करणारा, नोंद ठेवणारा हजेरीपटावर असावा; किमान वेतन रोखीने मिळावे आणि राहण्याची जागा त्यातून वळती करू नये; काम संपल्यावर जागा सोडण्यासाठी त्याला पुरेशी मुदत असावी. हौसेने काम करू इच्छिणाऱ्या निवृत्तांनी खुशाल करावे, पण पगारी माणसाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. ज्या जिल्ह्यांत ही मैदाने होत आहेत तेथील ग्रामपंचायतींत आपले सदस्य आहेत, हॉटेल कामगारांच्या संघटना आहेत. परवान्याच्या अटी अजून शाईत उतरायच्या आहेत तोवरच त्यांनी ठराव पाठवावेत.