आपत्कालीन दरवाजाशी कोणी बसावे?

अहमदाबादेत १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे विमान कोसळले, तेव्हा विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. त्याचे आसन '११ए', आपत्कालीन दरवाजालगतचे होते. त्यानंतर 'भाग्यवान आसना'ची चर्चा रंगली. मात्र ही दैवाची नव्हे, जबाबदारीची जागा आहे, याचा विसर पडला.

मराठवाड्याने विमान अपघाताचे दुःख जवळून पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे झेपावलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण दगावले, ६३ बचावले. वैमानिकाची चूक आणि रस्त्यावरील वाहतूक न रोखणे, ही कारणे चौकशीत पुढे आली. अपघात टाळणे हा सुरक्षिततेचा पहिला भाग. तो टळला नाही, तर हयात प्रवाशांना तातडीने बाहेर काढणे हा दुसरा.

या दुसऱ्या भागाचा धडा मँचेस्टरने दिला. २२ ऑगस्ट १९८५ रोजी तेथे बोइंग ७३७ विमानाने उड्डाणासाठी धावत असतानाच पेट घेतला. विमान जमिनीवरच थांबले, तरी ५५ जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेकांचा धुरामुळे. पंखावरील दरवाजा उघडण्यास विलंब झाला आणि तेथवरची वाटही अरुंद होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा दरवाजांलगत अधिक जागा सोडणे बंधनकारक झाले. माणसे गमावून मिळवलेली हीच मोकळी जागा आज अनेक कंपन्या 'पाय पसरण्याची सोय' म्हणून जादा दराने विकतात.

निम्मेच दरवाजे वापरून, अंधूक प्रकाशात, भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, असा जागतिक निकष आहे. परंतु त्याच्या चाचण्यांत खरी तान्ही मुले नसतात, त्यांच्या जागी बाहुल्या असतात. अमेरिकेने आसनांमधील अंतराबाबत घेतलेल्या चाचण्यांतही साठीपुढील व्यक्ती नव्हत्या. प्रत्यक्ष विमानात आजी-आजोबा असतात, मुलेही असतात. आई एका रांगेत आणि मूल दुसऱ्या रांगेत असेल, तर आई गर्दीच्या उलट दिशेने धावणारच. म्हणूनच बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना किमान एका पालकाशेजारी जागा द्यावी, हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एप्रिल २०२४ चा आदेश केवळ सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचाही आहे.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे जळते विमान आठपैकी केवळ तीन दरवाजांतून रिकामे झाले. ध्वनिक्षेपक यंत्रणा बंद पडली होती, तरीही त्यातील सर्व ३७९ जण वाचले. कर्मचाऱ्यांची तयारी आणि प्रवाशांची शिस्त, दोन्ही तेथे उपयोगी पडल्या.

गंगापूर-वैजापूरहून चिकलठाणा गाठणाऱ्या प्रवाशानेही एवढे जाणावे: दरवाजालगतचे आसन घेतले, तर दार उघडण्याची सूचना नीट ऐकावी, ते जमणार नसेल, तर जागा बदलून मागावी. कंपन्यांनीही ती जागा देताना प्रवाशाच्या खिशाआधी त्याची क्षमता पाहावी. भाडे आसनाचे असते. सुरक्षितता मात्र विमानातील प्रत्येकाची असते.