ब्रेन स्ट्रोक आणि एमआर स्पेक्ट्रोस्कोपी: ही तपासणी कधी हवी?

घरातल्या माणसाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, की नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, सगळ्यात मोठा स्कॅन करा." हल्ली त्यात एमआर स्पेक्ट्रोस्कोपीचेही नाव ऐकू येते. तपासणी उपयोगी आहे, पण स्ट्रोकच्या पहिल्या तासांत तिच्यासाठी थांबू नका.

ही तपासणी काय दाखवते?

ती एमआरआयच्याच मशीनवर होते. त्यात क्ष-किरण नसतात. एमआरआय मेंदूचे चित्र दाखवते, तर स्पेक्ट्रोस्कोपी निवडलेल्या भागातील रसायनांचा आलेख देते. रक्तपुरवठा खूप कमी झाला की तिथे लॅक्टेट साठते. 'एनएए' हे रसायन मुख्यतः चेतापेशींत असते. त्या मरू लागल्या की ते घटते.

मग थांबायचे का नाही?

मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. स्पेक्ट्रोस्कोपीला जादा वेळ लागतो आणि रुग्णाला हालचाल न करता पडून राहावे लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे साध्या सीटी स्कॅनवर कळते.

२०१८ मध्ये 'डॉन' आणि 'डिफ्यूज-३' हे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यानंतर निवडक रुग्णांमध्ये रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत गेली. त्या अभ्यासांतही रुग्ण निवडले गेले ते सीटी किंवा एमआरआयवरून, स्पेक्ट्रोस्कोपीवरून नव्हे. आणि २४ तास मिळाले म्हणजे सवड मिळाली, असा अर्थ काढू नका.

खरा उपयोग कुठे?

जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळांमध्ये. २०१९ च्या 'मार्बल' अभ्यासात थॅलॅमसमधील एनएएच्या प्रमाणावरून बाळाच्या पुढील विकासाचा चांगला अंदाज आला. मोठ्यांमध्ये, स्कॅनवरील डाग स्ट्रोकचा की गाठीचा अशी शंका असल्यास ती मदत करते.

तुम्ही काय कराल?

रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ डॉक्टरांना सांगा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास तेही सांगा. स्पेक्ट्रोस्कोपी सुचवली गेली, तर एकच प्रश्न विचारा: "हिच्या रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहे का?"